थुंकीएवढं पाणी

१२ जून, गुरुवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्याने जानेवारीत फुकट दिली होती. पहिल्या पानावर तणनाशकाची जाहिरात, शेवटच्या पानावर खताची. आमच्याकडे शेतीचा तुकडा नाही, आम्ही सुतार. डॉक्टर म्हणाले, बाबांचं खाणंपिणं अन् गोळ्या लिहून ठेवत जा, म्हणून ती काढली. चार दिवस लिहिलं. मग चंदाने वाचलं अन् म्हणाली, "सकाळी पेज, दुपारी पेज, सांजच्याले पेज. एवढ्यासाठी डायरी कायले लागते?" बायको असली तरी कधी कधी बरोबर बोलते. आता यात माझंच लिहितो. तसंही माझं ऐकायला इथं कोण बसलं आहे.

बाबा म्हणजे दादाजी मिस्त्री. अड्याळपासून पवनीपर्यंत तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल म्हटला की लोक याच माणसाचं नाव घेतात. मे महिन्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात, डोळे अन् राग तेवढा शाबूत राहिला. मी काम करतो त्या छपरीतच त्यांची खाट टाकली, म्हटलं माणसाला करमेल. आता पस्तावतो आहे. दिवसभर त्यांचे डोळे माझ्या हातांवर असतात.

मी मोठा. दहावीनंतर त्यांच्याच हाताखाली बैल कोरत आलो. लहाना निकेश पुण्याला कंपनीत आहे. त्याचा व्हिडिओ कॉल आला की बाबांचं अर्धं तोंड हसते, अर्धं तसंच राहते. माझ्याकडे पाहताना दोन्ही बाजू सारख्याच असतात.

१५ जून, रविवार

अश्वजित साहेब येऊन गेले. नेव्हीत होते, रिटायर होऊन भंडाऱ्यात खात रोडला घर बांधलं. मार्चमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा बाबा धडधाकट होते. साहेबांना हॉलमध्ये ठेवायला शिडाचं जहाज पाहिजे, हातभर लांब. बाबांनी तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला. साहेबांनी विचारलं, कैलाशभाऊ करतील का? मी बाजूलाच पटाशीला धार लावत होतो. बाबा म्हणाले, "कैलाश बैलाचा मानूस आहे. त्याले शिकवा लागन मले."

परक्या माणसासमोर. माझ्या डोक्यात पांढरे केस आले, अन् मला शिकवावं लागेल. ते वाक्य अजून दाढेत अडकून आहे.

आज साहेब म्हणाले, "काकांची तब्येत अशी, राहू द्या आता, भाऊ." मी म्हटलं, नाही, जहाज होईल, मी करतो. खाटेकडे बघूनच म्हटलं. बाबांनी घशातून काहीतरी आवाज काढला.

खरं काय ते इथं लिहून ठेवतो. मला साहेबांच्या शाबासकीची गरज नाही. हे जहाज बाबांच्या डोळ्यांदेखत करायचं, अन् झालं की त्यांनी एकदा मान हलवून 'हो' म्हणावं. आजवर माझ्या एकाही बैलाला त्यांनी बरं म्हटलं नाही. वशिंड उंच झालं, मान आखूड झाली, डोळा खोल गेला. एकदा मान हलवली तर त्यांचं काय जाणार आहे?

२४ जून, मंगळवार

फजिती झाली. शिवणीच्या लाकडाचा चांगला ओंडका घेतला अन् त्यातून अख्खं जहाज कोरून काढलं. घासूनपुसून गुळगुळीत केलं. साहेबांना बोलावलं. ते फार सभ्य माणूस, आधी पाच मिनिटं कौतुक केलं. मग म्हणाले, "पण हे भरीव आहे ना, भाऊ. खरं जहाज असं नसते. आत सांगाडा, वरून फळ्या, एकीला एक भिडवलेल्या. मला ते फळ्यांचं पाहिजे. कोरीव तर बाजारात पण मिळते."

ते गेल्यावर चंदा ओंडक्याभोवती फिरली. "मले तर हे समोरून बैलच दिसते. शिंगं बसवा, पोळ्यात खपून जाईन."

बाबा खाटेवर गदगद हलून राहिले होते. हसत होते. लकवा मारलेला माणूस हसताना किती वाईट दिसतो, अन् किती स्पष्ट कळते की तो हसतो आहे.

३ जुलै, गुरुवार

सांगाडा झाला. मधे कणा अन् त्याला माशाच्या काट्यासारख्या फासळ्या. आरामशीनवरून सागाच्या पातळ फळ्या चिरून आणल्या, बोटभर रुंद, जाड पुठ्ठ्याएवढ्या. मधल्या भागात सरळ बसतात, काही त्रास नाही. जहाजाच्या नाकाकडे आलं की वळवावं लागते. तिथं पहिली फळी कड्कन मोडली. दुसरी मोडली. तिसरी मोडली तेव्हा मागून आवाज आला. थू.

वळून पाहिलं तर बाबा थुंकले होते. जमिनीवर, माझ्या दिशेने.

चंदा म्हणाली, "तोंडाचा तोल गेला आहे त्यायचा, लाळ गळते." लाळ गळणं अन् थुंकणं यातला फरक मला कळतो.

६ जुलै, रविवार

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, अन् ही फळी वाकवली तरी सरळ. शिकंज्यात आवळून दोन दिवस ठेवली होती. सोडली तशी टणकन सरळ झाली, वरून दोन खिळे उपटून घेऊन गेली.

बाबा परत थुंकले. या वेळी लाळबिळ काही नव्हतं. माझ्याकडे बघून, नीट नेम धरून थुंकले. मग डावा हात उचलून छपरीच्या कोपऱ्यातल्या चुलीकडे दाखवलं. पूर्वी ते तिच्यावर लाकूड चिकटवायचा सरस तापवायचे, आता आमच्या आंघोळीचं पाणी तापते. परत थुंकले, परत चूल दाखवली.

मी काही दूधपितं पोर नाही. थू तुझ्या कामावर, चुलीत घाल. वाचा गेली तरी माणूस सगळं बोलतो.

चंदाला वाटलं त्यांना चहा पाहिजे. चहा केला, त्यांनी हाताने सरकवून दिला. तिला वाटलं अंग शेकायचं आहे. तवा तापवून, फडकं गरम करून आणलं, तेही फेकलं. म्हणाली, "मंग पाहिजे तरी काय, बाबा?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं पाणी रागानेही येते, मला माहीत आहे, मी त्यांचाच पोरगा आहे.

११ जुलै, शुक्रवार

जमलं. मोबाईलवर एका परदेशी बुवाचा व्हिडिओ पाहिला, तो फळ्या पाण्यात भिजवत होता. भाषा कळली नाही, पाणी तर कळते. अंगणातला ड्रम भरला, सगळ्या फळ्या रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी काढल्या तर मऊ, ओल्या चामड्यासारख्या. नाकावरून वळवली, फेविकॉल, खिळे, शिकंजा. मोडली नाही. एका दिवसात पाच फळ्या बसल्या.

एवढा आनंद झाला की मी खाटेजवळ जाऊन म्हटलं, "पाहा बाबा, वाकली. कोनी शिकवलं नाही."

त्यांनी मान हलवली. आडवी. नाही, नाही, नाही. वरून थुंकले, चूल दाखवली.

जेवलो नाही आज. चंदा म्हणे, "तुम्ही दोघं बापलेक अन् या फळ्या, तिघंही सारखेच. मोडन पन वाकनार नाही." पुढे म्हणाली, भाजी गरम आहे तोवर खाऊन घ्या. तरी खाल्ली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

काल तान्हा पोळा झाला. पोरं दरवर्षीसारखी आपापले लाकडी बैल ओढत आमच्या छपरीत आली, दादाजीबाबाला दाखवायला. बाबांनी डाव्या हाताने एकेकाच्या बैलाची मान चाचपली. त्यात दोन माझे होते. ते चाचपून खाली ठेवले. एक मशीनवर कातलेला होता, तोही चाचपून तसाच खाली ठेवला. म्हणजे मी अन् मशीन सारखेच.

कोण्या एका पोराचा बाप म्हणाला, "दादाजीचा हात थांबला, आता असा बैल नाही होनार." मी तिथंच उभा होतो. मला ओलांडून म्हणाला, जशी काही मी सुताराची घोडी आहे, लाकूड ठेवून कापायची.

जहाजाच्या एका बाजूच्या फळ्या पूर्ण झाल्या. सांध्यात नख जात नाही. हे कोणी चाचपून पाहिलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

आज हद्द झाली. लिहिताना अजून हात गरम आहे.

नाकाची सगळ्यात अवघड फळी होती, पिळून वळवायची. मी खाटेजवळ उजेडात बसून ती वळवत होतो. बाबांनी डाव्या हाताने तांब्या मागितला. चंदाने दिला. तोंडभर पाणी घेतलं. मला वाटलं पितात. तर फुर्रकन सगळं पाणी माझ्या हातांवर, फळीवर उडवलं. शर्ट भिजला, फेविकॉल वाहून गेला. अन् तोंडातून पाणी गळत असताना तोच हात परत चुलीकडे.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मग खाट दोन्ही हातांनी उचलून फिरवली. आता त्यांचं तोंड भिंतीकडे अन् पाठ माझ्याकडे. वळायला त्यांना येत नाही.

चंदा धावत आली. "म्हाताऱ्या मानसाले भिंत दाखवता? मानूस दिसन तेवढाच त्यायचा जीव रमते."

"माह्या कामावर थुंकायले बी मानूसच दिसा लागते," मी म्हटलं.

"काहीतरी सांगून राहिले असन ते."

"सांगून राहिलेच आहे. मले चांगलं समजून राहिलं."

जहाज पूर्ण झालं की खाट परत फिरवणार आहे. मी काही राक्षस नाही. शेवटची फळी बसली की फिरवीन, समोर जहाज धरीन, अन् मग पाहू मान कशी हलत नाही ते.

८ सप्टेंबर, सोमवार

काम कसं सरसर चाललं आहे. मागे डोळे नसले की हात मोकळा चालतो. ड्रममधून फळी काढा, वळवा, चिकटवा. दोन बाजू जवळजवळ भरत आल्या.

चंदा सांगत होती, बाबा तळहाताला जीभ लावतात अन् भिंतीवर घासतात, एकाच जागी, वरखाली. भिंतीवर डाग पडून राहिला. म्हणे, दिवाळीला चुना मारा लागन. मी म्हटलं, मारू. थुंकायला आता भिंत मिळाली आहे, बरं झालं.

निकेशचा फोन आला होता. "बाबांना दाखव ना." मी मोबाईल भिंत अन् खाट यांच्या मधे धरला. तो म्हणाला, "दादा, अंधार काहून आहे तिथं? बाबांना बाहेर बसवत जा." दुरून डोंगर साजरे. पुण्यात बसून मला उजेड शिकवतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

जहाज झालं. आज सकाळी शेवटची फळी बसवली. नाकापासून शेपटापर्यंत फळी फळीला भिडलेली. घासलं, हात फिरवला, कुठं अडकत नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, हे मी कबूल करतो, बैलात सुद्धा नाही.

खाट फिरवायची होती. पण चंदा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने निंदायला गेली होती, एकट्याने त्यांच्यासकट परत उचलायचा कंटाळा केला. जहाजच घेऊन भिंत अन् खाट यांच्या मधे जाऊन बसलो. म्हटलं, "बाबा, पाहा."

त्यांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. डावा अंगठा फळ्यांच्या सांध्यावरून हळू हळू फिरवत नाकापर्यंत नेला. मी म्हटलं, "झालं का नाही नीट? मान हलवा ना, बाबा."

त्यांनी अंगठा तोंडात घातला, थुंकी लावली, अन् एका फळीवर घासली. एकाच फळीवर, बाहेरच्या बाजूने. मग माझ्याकडे बघत राहिले. डोळे असे की मीच त्यांचं काही देणं लागतो.

मी जहाज ओढून घेतलं, शर्टाने पुसलं.

म्हणजे चाळीस वर्षांचं उत्तर एवढंच. ठीक आहे. आता मला त्यांच्याकडून काही नको.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बाबा गेले. सकाळी चंदा पेज घेऊन गेली तेव्हा कळलं. तोंड भिंतीकडेच होतं. माणसाला शेवटी भुईवर घेतात, तेही झालं नाही, खाटेवरच गेले. बायांनी त्यावरून कुजबूज केली.

लिहवत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. तेरवी काल झाली. निकेश आला होता, लहान पोरासारखा रडला, लोकांनी त्याला धरलं. मला कोणी धरलं नाही, मी लाकडं, पत्रावळी, आचारी पाहत होतो. खाट अन् गादी रीतीप्रमाणे देऊन टाकली. खाटेची जागा रिकामी झाली तर छपरी केवढी मोठी दिसते.

शिडं चढवून जहाज अश्वजित साहेबांकडे पोचवलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, डोळे ओले झाले. त्यांचे लोक जमले होते, आज त्यांचाही मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळ्यांना सांगत होते, "हे कैलाशभाऊंनी केलं. मिस्त्रीकाकांनी दिलेला शब्द पाळला." शाबासकी मिळाली एकदाची. पाहिजे होती तिथून मिळाली नाही, म्हणून ती घशाखाली उतरली नाही.

बाबांचं नाव निघालं तशी साहेबांनी एक गोष्ट सांगितली. मार्चमध्ये ते निघताना बाबा फाटकापर्यंत गेले होते अन् म्हणाले होते, "पोराले हे एक काम शिकवायचं राहून गेलं. जहाजाच्या निमित्तानं होऊन जाईन." साहेबांना वाटलं ते ऐकून मला बरं वाटेल. मी म्हटलं, हो, त्यांना फार हौस होती शिकवायची.

१९ ऑक्टोबर, रविवार

चंदाने दिवाळीचा चुना मारला. छपरी पांढरीशुभ्र. डाग गेला. दोन हात मारावे लागले म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार

अश्वजित साहेबांचा फोन. आवाज दबून होता. "भाऊ, राग मानू नका. फळ्या सुटायला लागल्या." संध्याकाळच्या एसटीने गेलो. जिथं नख जात नव्हतं तिथं आता खिळा जाईल. प्रत्येक सांधा उघडला आहे. नाकाजवळची एक फळी तर चिरली. हॉलमधल्या दिव्याचा उजेड जहाजाच्या आतून बाहेर येत होता.

सांगितलं त्यांना, आरामशीनवाल्याने कच्चा साग दिला. सांगितलं, पंख्याखाली ठेवलं म्हणून. सांगितलं, यंदा पाऊस गेल्यावर ऊन कडक पडलं. ते हो हो म्हणत राहिले. समोरचा माणूस भांडत नाही तेव्हा आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येते.

घरी येऊन चंदाला सांगितलं. म्हणाली, "नाचता येईना, अंगन वाकडं." तिला भाकरी फेकून मारावी वाटली. गिळली.

१६ नोव्हेंबर, रविवार

हिरालालबुवा आले होते. ढिवर आहेत, नदीत नाव घालून मासे धरणारे, पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता पुनर्वसनच्या नव्या गावात राहतात. बाबा गेल्याचं त्यांना परवा कळलं. पोरासोबत मोटरसायकलवर बसून आले, खाटेच्या रिकाम्या जागेसमोर उकिडवे बसले.

मग म्हणाले, "तुह्या बापानं माही नाव केली होती. तू तवा जन्मला नव्हता."

मला माहीतच नव्हतं. बाबा अन् नाव? बैलांशिवाय दुसरं काही मी त्यांच्या हातात पाहिलं नाही.

"बैलाचं मंग सुरू केलं त्यानं. धरन होनार असं झालं, नव्या नावा कोन करनार? आधी नदीकाठानं फिरून नावाच करे. आमच्या घाटावर दोन महिने राहिला. अशी फळी वाकवे का पाहत राहावं."

मी विचारलं, कशी वाकवायचे?

"खाली तुराट्यांचा जाळ करे. फळी वर धरे आडवी. तोंडात पानी घेऊन वरच्या अंगानं फुर्रकन मारे. खालून धग, वरून ओल. फळी आपोआप जाळाकडं वाकत जाये, जसं कुत्रं शेकाले येते. मंग तशीच राहे, जन्मभर."

चंदा चहा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

म्हातारा बोलतच राहिला. "आम्ही म्हनू, अरे दादाजी, नदी एवढी मोठी, बुडवून ठेव ना लाकूड रातभर. तर रागवे. म्हने, बुडवलं का लाकूड फुगते, अन् फुगलं ते वाळल्यावर आकसते. नाव गळन मंग. म्हने थुंकीएवढं पानी पुरे, पन चूल पाहिजे. लहान्या फळीले तर थुंकीच लावे, खरोखरची. आम्ही हसू. काहून, तुले शिकवलं नाही का त्यानं?"

मी म्हटलं, शिकवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चूल पेटवली. उरलेल्या फळ्यांतली एक घेतली, कोरडी. एका अंगाला थुंकी लावली, अंगठ्याने घासली, बाहेरच्या बाजूने. दुसरं अंग विस्तवावर धरलं. हळूच दाब दिला. फळी वळली. काही मोडलं नाही, काही आवाज झाला नाही. थंड होऊ दिली अन् सोडली. तशीच राहिली. सांगाड्याच्या नाकाशी जसा बाक पाहिजे, नेमका तसा.

मग दुसरी केली. मग तिसरी. थुंकी संपली तर तांब्यातून तोंडभर पाणी घेऊन फुर्र केलं. तेही जमलं.

चंदा परसातून आली, मला चुलीपुढे थुंकताना पाहिलं. तिला हसू आलं. "आता तुम्ही बी थुंकाले लागले का, बाबासारखे?" म्हणाली, अन् म्हणतानाच तिचं तोंड पडलं. पदर तोंडाला लावून आत गेली.

उद्या भंडाऱ्याला जाऊन जहाज परत आणतो. सगळ्या फळ्या उपटाव्या लागतील, सांगाड्यापर्यंत. साहेबांना काय सांगू? साग कच्चा होता असं मागे सांगितलं आहे. आता खरं सांगतो, कारागीर बहिरा होता.

काम थांबवून मी बाबांची खाट होती तिथं जाऊन बसलो. त्यांच्यासारखंच, भिंतीकडे तोंड करून. मी खाट फिरवली होती तसं. तिथून चूल दिसत नाही. घोडी दिसत नाही, काम करणारा माणूस दिसत नाही. फळी मोडल्याचा आवाज तेवढा येत असेल, अन् ड्रममधून ओल्या फळ्या काढल्याचा. समोर भिंत आहे. मी तळहाताला जीभ लावली अन् त्यांनी घासलं होतं तिथं घासलं. नवा चुना हाताला लागला.